दाराबाहेरची माणसं

ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मध्ये राजवाड्याच्या बंद दारामागून राजाची किंकाळी ऐकू येते. ‘घाव बसला, जिवावरचा घाव!’ पाठोपाठ दुसरी. दारासमोर आर्गॉस नगरीतले म्हातारे उभे आहेत. दहा वर्षांपूर्वी ट्रॉयच्या युद्धावर जायलाही ते वयाने बाद झालेले होते, आज काठ्या टेकत आलेत. हाच या नाटकाचा कोरस. सुरुवातीपासून हे सगळे एका सुरात गात होते, एका तालावर पावलं टाकत होते. त्या किंकाळीनंतर तो सूर फुटतो आणि त्यातून बारा वेगवेगळे आवाज बाहेर पडतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी.

पहिला म्हणतो, नगरात दवंडी द्या, लोकांना इथे बोलवा. दुसरा म्हणतो, आत्ताच्या आत्ता आत घुसू, तलवारीवरचं रक्त ओलं असतानाच पकडू. तिसऱ्याला ते पटतं, ही वेळ दवडायची नव्हे. चौथ्याला यात हुकूमशाहीची चाहूल लागते. पाचवा कळवळून सांगतो की आपण वेळ घालवतोय आणि त्यांचे हात काही झोपलेले नाहीत. सहाव्याला काय सल्ला द्यावा ते सुचत नाही. सातवा म्हणतो, मेलेल्या माणसाला शब्दांनी थोडंच उठवता येतं? आठवा विचारतो, नुसता जीव जगवायचा म्हणून या घरबुडव्यांची सत्ता सोसायची का? नववा म्हणतो, त्यापेक्षा मरण बरं. दहाव्याला शंका येते, नुसत्या कण्हण्यावरून माणूस मेला असं कसं धरायचं? अकरावा त्याची री ओढतो, अंदाज वेगळा आणि पक्कं माहीत असणं वेगळं. बाराव्याच्या मते बहुमत याच बाजूला आहे, आधी राजाचं नेमकं काय झालं ते कळू दे.

तेवढ्यात दार उघडतं. राजा अगामेम्नॉन आणि त्याने ट्रॉयहून बंदी करून आणलेली कसांड्रा यांच्या प्रेतांजवळ राणी क्लायटेम्नेस्ट्रा उभी असते.

या बारा जोड्यांवर आजवर पुष्कळ लोक हसलेत. आत खून होतोय आणि बाहेर ठराव चाललाय, असं म्हणून. मला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही. माझ्या वाचनात आलेल्या नाटकांत माणसांच्या जमावाचं इतकं खरं चित्र दुसरं नाही. यातला कोणीही दुष्ट नाही आणि मूर्खही नाही. दुसरा आणि तिसरा तर भित्रेही नाहीत. प्रत्येकाचं वाक्य सुटं घेतलं तर शहाणपणाचं आहे. ती बारा शहाणपणं एकत्र येईपर्यंत दाराआडचं काम उरकलेलं असतं, एवढंच.

ग्रीक शोकांतिकेबद्दल बोलताना आपण राजे-राण्यांबद्दलच बोलतो. ईडिपसने डोळे फोडून घेतले, अँटिगनीने गळफास घेतला, मेडियाने पोटची पोरं मारली. कोरसचा उल्लेख प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदात येतो आणि तिथेच मिटतो. मला मात्र वर्षानुवर्षं ही नाटकं पुन्हा पुन्हा वाचताना वाटत आलंय की ही शोकांतिका खरी ज्यांच्यावर गुदरते ते हेच लोक. नायक मरतो किंवा देशोधडीला लागतो आणि सुटतो. कोरसला त्या गावात राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं, त्याच राणीसमोर मान खाली घालायची असते. ‘अगामेम्नॉन’च्या शेवटी कोरसला निरोपाचं गाणंसुद्धा मिळत नाही. शेवटचे शब्द क्लायटेम्नेस्ट्राचे, आपला प्रियकर एजिस्थस याला उद्देशून: या पोकळ भुंकण्याकडे लक्ष देऊ नकोस, आता तू आणि मी मिळून हे घर नीट लावू. म्हातारे काही न बोलता निघून जातात.

हे म्हातारे साकारणारे कोण होते, हे कळल्यावर तो प्रसंग आणखी जड होतो. ते व्यावसायिक नट नव्हते. अथेन्समध्ये दर वसंतात डायोनायसस देवाचा मोठा उत्सव भरे. नाटककाराला तिथे नाटक करायचं असेल तर आर्कोन या अधिकाऱ्याकडे कोरस मागावा लागे. त्याने कोरस दिला की नाटक मंजूर. मग एखाद्या धनवान नागरिकावर त्या कोरसचा खर्च टाकला जाई. त्याला खोरेगॉस म्हणत. हा एका परीने करच होता, पण असा कर की जिंकलं तर पिढ्यान्‌पिढ्या मिरवावा. लिसियसने एका अशिलासाठी लिहिलेल्या भाषणात तो अशील सांगतो की शोकांतिकेच्या एका कोरसवर आपण 30 मिना म्हणजे 3000 द्राख्मा खर्च केले. पाचव्या शतकाच्या अखेरीस चांगल्या कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा होती, यावरून हिशोब करावा.

कोरसमध्ये नाचणारे मात्र साधे नागरिक. एस्किलसच्या काळी बारा, सोफोक्लीसने ते पंधरा केले. या मोठ्या उत्सवात परक्यांना कोरसमध्ये घेत नसत. त्या काळात नाचणाऱ्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे. आणि शोकांतिका हा उत्सवाचा एकच भाग. त्याच दिवसांत अथेन्सच्या दहा गणांमध्ये डिथिरँब या समूहगीतांची स्पर्धा होई. प्रत्येक गणाचे पन्नास पुरुष आणि पन्नास मुलं, म्हणजे एकट्या या स्पर्धेतच हजार गळे. वर सुखात्मिकांचे चोवीस-चोवीसांचे कोरस. दरवर्षी एवढी माणसं तालमी करत, म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जण कधी ना कधी त्या रिंगणात उतरलेले असणार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन समीक्षक श्लेगेलने कोरसला ‘आदर्श प्रेक्षक’ म्हटलं आणि ते मत अजूनही पाठ्यपुस्तकांतून फिरतं. मला ते कधीच पटलं नाही. कोरस प्रेक्षकांसारखा नव्हता. प्रेक्षकच आधी कोरस होऊन बसलेले होते.

तालमी म्हणजे काय चीज असे, हे कोर्टातली भाषणं लिहून देणाऱ्या अँटिफॉनच्या एका भाषणातून कळतं. साल इ.स.पू. 419 च्या आसपासचं. उत्सव दुसरा, थार्गेलियाचा, आणि कोरस मुलांचा. एका खोरेगॉसने मुलांना शिकवण्यासाठी आपल्या घरात जागा करून दिली, देखरेखीला माणसं नेमली. डायोडोटस नावाच्या मुलाला आवाज चांगला लागावा म्हणून काहीतरी प्यायला दिलं गेलं आणि त्यात तो दगावला. खोरेगॉसवर खटला उभा राहिला, त्याच्या बचावाचं हे भाषण. खटल्याचा निकाल उपलब्ध नाही, पण आवाजासाठी काढा पिणारा तो मुलगा मला विसरता येत नाही. ग्रीक नाटकाच्या संगमरवरी प्रतिमेमागे अशी घरं होती, घसा तापलेली पोरं होती, मुलगा आज तालमीला का आला नाही म्हणून निरोप धाडणारी माणसं होती.

हे नागरिक मुखवटा चढवून कोणाची सोंगं घेत? स्वतःची जवळजवळ कधीच नाही. मतदानाचा हक्क असलेले, भाला पेलणारे अथेन्सचे पुरुष कोरसमध्ये म्हातारे होत, दासी होत, जिंकून आणलेल्या बायका होत, परमुलखातले होत. बहुतेक अभ्यासकांच्या मते एका नाटककाराची चारही नाटकं, म्हणजे तीन शोकांतिका आणि एक थट्टेचं सॅटर-नाटक, तोच कोरस करी, आणि ती एकाच दिवशी होत. म्हणजे इ.स.पू. 458 च्या त्या दिवशी एस्किलसच्या बारा जणांनी आधी आर्गॉसचे म्हातारे केले, मग राजवाड्यातल्या गुलाम बायका, मग रक्ताचा माग काढत येणाऱ्या सूडदेवता, आणि अखेरीस डायोनायससच्या मागे फिरणारे अर्धपशू, शेपटीवाले सॅटर.

त्याहून धाडसाचं उदाहरण इ.स.पू. 472 चं. एस्किलसचं ‘पर्शियन्स’, खर्च उचलणारा खोरेगॉस तरुण पेरिक्लीस. सालामिसच्या आरमारी लढाईला जेमतेम आठ वर्षं झालेली. त्याच स्वारीत पर्शियनांनी अथेन्स जाळलं होतं, अक्रोपोलिसवरची देवळंही सोडली नव्हती. आणि अथेन्सचे नागरिक कोण झाले होते, तर पर्शियाच्या राजधानीतले वृद्ध सल्लागार. आपल्या न परतलेल्या पोरांची नावं एकामागून एक घेत ते रडतात. शेवटी हरलेला राजा झर्क्सीस फाटक्या वस्त्रांत येतो आणि त्याच्यासोबत ते छाती बडवतात, दाढ्या उपटतात. प्रेक्षकांत त्या लढाईत वल्ही मारलेले लोक असणारच. यात विजयाचा आनंद अजिबात नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण शत्रूचा विलाप पाठ करायचा, त्याला सूर-ताल लावायचा, महिनोन्‌महिने त्याची तालीम करायची, हे केल्यावर माणूस जसाच्या तसा घरी जात असेल असं मला वाटत नाही.

आता मेडियाच्या दाराशी जाऊ. युरिपिडीजचं हे नाटक इ.स.पू. 431 चं, स्पर्धेत तिसरं आलेलं. कोरस कॉरिंथच्या बायकांचा. मेडियाने त्यांना सुरुवातीलाच विश्वासात घेतलंय, गप्प राहण्याचं वचन घेतलंय. आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचं दुःख त्यांना कळतं म्हणून त्यांनी ते दिलंय. मग ती मुलांना घेऊन आत जाते. आतून पोरांचा आवाज येतो. एक विचारतो, आईच्या हातून कुठे पळू? दुसरा म्हणतो, मला नाही माहीत रे, आपण संपलो. बाहेर बायका एकमेकींना विचारतात, आत जाऊ या का? मुलांना वाचवायला हवं असं वाटतंय मला. आणि इथे युरिपिडीज असं काही करतो की दरवेळी पुस्तक मिटावंसं वाटतं. मुलं ते ऐकतात आणि आतून उत्तर देतात: हो, देवाशपथ, वाचवा, आत्ताच वेळ आहे!

बायका जात नाहीत.

जाणकार सांगतात की कोरसने घरात शिरायचं नाही असा रंगभूमीचा शिरस्ता होता. असेल. पण मग युरिपिडीजला त्यांच्या तोंडी तो प्रश्न घालायची आणि पोरांकडून त्याला उत्तर द्यायची काय गरज होती? शिरस्त्याआड लपायची सोयच त्याने काढून घेतली.

गिरगावातल्या आमच्या चाळीत असं एक दार होतं. रात्री भांडी आपटल्याचा आवाज यायचा, मग तिचा. गॅलरीत बायका जमायच्या, पुरुष मागे उभे राहायचे. तिच्या भावाला कळवू या, एक म्हणायची. पोलिसांत जाऊ, दुसरी. नवरा-बायकोचं आहे, उद्या दोघं एक होतील आणि आपण वाईट, तिसरी. सकाळी बघू. मी माझ्या आजीच्या पदराला धरून उभी असायची. पुढे ती बाई एका पहाटे लेकराला घेऊन गेली ती परत आली नाही. खूप वर्षांनी, त्या बिऱ्हाडात तिसरं कुटुंब नांदत असताना, आजी मला त्या पहाटेबद्दल सांगत होती: तिच्या अंगावर मोरपंखी लुगडं होतं, एका पायात चप्पल नव्हती, जिन्यावर तिने एकदा वळून आमच्या दाराकडे पाहिलं. आजीने दार ठोठावलं नव्हतं. पण तिच्याखेरीज हे सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

आर्गॉसचे म्हातारेही हेच करतात, आणि मला वाटतं कोरसचं मुख्य काम तिथे कळतं. ‘अगामेम्नॉन’मधलं त्यांचं प्रवेशगीत दोनशेहून जास्त ओळींचं आहे, आज सादर करताना दिग्दर्शक सर्रास कात्री लावतात. ट्रॉयहून विजयाची बातमी येतेय आणि हे लोक दहा वर्षं मागे जातात, जहाजांना वारा मिळावा म्हणून अगामेम्नॉनने आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी दिला त्या सकाळपर्यंत. तिला करडासारखं उचलून वेदीवर धरलं. घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडात लगाम घातला. तिचं केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलं. बोलता येत नव्हतं, म्हणून एकेका मारेकऱ्याकडे ती डोळ्यांनी याचना करत राहिली; हे सगळे तिच्या बापाच्या पंगतीला जेवायला येत तेव्हा तिने त्यांच्यासमोर गाणी म्हटली होती. आणि मग म्हातारे थांबतात. ‘पुढचं मी पाहिलं नाही, आणि सांगतही नाही.’

राजा हे कधीच बोलणार नव्हता. नाटकात तो येतो तो विजयी वीर म्हणून, रथातून, आणि जाजमावरून चालत आत जातो. त्याच्या येण्याआधी कोरसने हे गायलं नसतं, तर क्लायटेम्नेस्ट्राच्या हातातल्या शस्त्राला कारणच उरलं नसतं. एका गाण्याने एस्किलस प्रेक्षकाला तोलूनमापून त्या दारापर्यंत आणतो. मध्ये मध्ये एक पालुपद येतं, ‘शोक गा, शोक गा, पण भल्याचा जय होवो’, आणि या दोन इच्छा एका ओळीत मावतात यातच त्या लोकांचं सगळं आयुष्य आहे. सोबतीला फक्त ऑलोस हा दुहेरी पावा. एक कडवं म्हणताना जी लय, जो छंद, तोच त्याच्या जोड-कडव्यात अक्षरन्‌अक्षर पुन्हा येतो. पावलंही बहुधा तशीच परत पडत असावीत.

कोरस काहीच करत नाही, हा समज मात्र खरा नाही. त्याच त्रिनाट्याच्या दुसऱ्या भागात कोरस गुलाम बायकांचा आहे. क्लायटेम्नेस्ट्रा दाईला एजिस्थसकडे धाडते: पहारेकऱ्यांसह ये. या बायका दाईला वाटेत अडवतात आणि म्हणतात, पहारेकऱ्यांचं सांगू नकोस, एकट्याला बोलाव. तेवढ्या एका बदललेल्या निरोपावर अगामेम्नॉनच्या मुलाचा, ओरेस्टीजचा, सूड तडीस जातो. प्रतिष्ठित म्हाताऱ्यांना बारा मतांतून जे जमलं नाही ते ज्यांना गमावण्यासारखं काही नाही त्या बायकांनी एका वाक्यात केलं. आणि ‘अँटिगनी’मधले थीब्जचे वृद्ध, जे नाटकभर क्रेऑन राजाच्या कलाने घेतात, तेच शेवटी त्याला स्पष्ट सांगतात: जा, अँटिगनीला त्या भुयारातून सोडव, आणि उघड्यावर पडलेल्या तिच्या भावाच्या प्रेतासाठी थडगं उभार. क्रेऑन ऐकतो, पण क्रम उलटा करतो. आधी प्रेताचे संस्कार करत बसतो, मग भुयाराकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. कोरसचा सल्ला शब्दशः पाळला असता तर कदाचित ती वाचली असती. हे सोफोक्लीस कुठे बोलून दाखवत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले की दिसतं.

सोफोक्लीसचाच आणखी एक क्षण. ‘ईडिपस’मध्ये राणी योकास्टा देववाणीला खोटं ठरवते आणि कोरस हादरतो. ते म्हणतात, असल्या वागण्याला जर मान मिळत असेल, तर मी कशाला नाचू? थीब्जचे वृद्ध म्हणून हा प्रश्न जरा विचित्र आहे. पण मुखवट्यामागे अथेन्सचे पंधरा नागरिक आहेत, आणि ते खरोखरच देवासाठी नाचताहेत. देवाचं वचनच पोकळ असेल तर हा उत्सव कशाला, ही पावलं कशाला? नाटकाचा सगळा डोलारा त्या एका ओळीवर क्षणभर लटकतो. मग ते नाचतच राहतात.

पुढे हे सगळं आटत गेलं. नाटककार ॲगाथॉनने कथानकाशी संबंध नसलेली, कुठेही चिकटवता येतील अशी गाणी आणली. ॲरिस्टॉटलने त्याबद्दल नाराजी नोंदवली आणि कोरसला नटांपैकीच एक मानावं असं बजावलं. पण सुखात्मिका लिहिणाऱ्या मिनँडरच्या काळापर्यंत संहितेत कोरसच्या जागी नुसती एका शब्दाची खूण उरली, इथे कोरस येतो, एवढीच. चालीही गेल्या. युरिपिडीजच्या ‘ओरेस्टीज’मधल्या कोरसच्या काही ओळी स्वरखुणांसह एका फाटक्या पपायरसवर मिळाल्या, तो तुकडा आज व्हिएन्नात आहे. एवढ्या गाण्यांतून हाताला लागले ते असे मोजकेच तुकडे.

आणि तरी एक गाणं असं की ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे त्याने शहर वाचवलं. इ.स.पू. 404. स्पार्टाशी चाललेल्या सत्तावीस वर्षांच्या युद्धानंतर अथेन्स शरण आलं होतं. विजेत्यांच्या बैठकीत एका थीब्जकराने मत मांडलं की शहर जमीनदोस्त करावं आणि मेंढ्यांना चरायला माळ करून सोडावा. नंतर सेनानी जेवायला बसले असताना फोकिसच्या एका माणसाने युरिपिडीजच्या ‘इलेक्ट्रा’मधलं कोरसचं प्रवेशगीत म्हटलं. ‘अगामेम्नॉनच्या लेकी, इलेक्ट्रा, तुझ्या रानातल्या अंगणात आले मी…’ नाटकात गावच्या पोरी राजकन्येला हेराच्या उत्सवाला चल म्हणायला आल्या आहेत. ती म्हणते, माझे केस बघा, ही लक्तरं बघा, मी कशी येऊ? त्या म्हणतात, आमची वस्त्रं घे, दागिने घे, पण चल. प्लुटार्क सांगतो की ते ऐकून सगळे गलबलले. अशी माणसं जन्माला घालणारं शहर पुसून टाकणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं.

तटबंदी मात्र पाडली, तीही ऑलोस वाजवणाऱ्या पोरींच्या सुरांवर.

तीन वर्षांनी, 401 साली, सोफोक्लीसचं शेवटचं नाटक त्याच्या नातवाने रंगमंचावर आणलं. सोफोक्लीस स्वतः 406 मध्येच गेला होता. कोरस होता कोलोनस गावच्या वृद्धांचा, सोफोक्लीसच्या जन्मगावच्या माणसांचा. आंधळा, दारोदार फिरलेला ईडिपस त्यांच्या गावाच्या वेशीवर येतो, आणि ते त्याला आपला मुलूख गाऊन दाखवतात: घोडे, हिरव्या दरीतल्या बुलबुली, न आटणारी नदी. मग ऑलिव्हच्या झाडावर येतात. आपोआप फुटणारं, शत्रूच्या भाल्यांना धाक घालणारं झाड; तरुण असो की म्हातारा, कोणाही सेनापतीच्या हातून ते नष्ट होणार नाही, कारण झ्यूसचा डोळा आणि अथीना त्याच्यावर नजर ठेवून आहेत. पंधरा जण हे गात होते आणि समोरच्या पायऱ्यांवर असे कितीतरी शेतकरी बसले होते, ज्यांच्या बागा स्पार्टाच्या फौजांनी त्याच युद्धात तोडल्या होत्या.